जुना फ्लॅट घेताना वकील केव्हा नेमावा आणि कागदांचा क्रम कसा सांभाळावा

गृहनिर्माण संस्थेतला जुना फ्लॅट घेणारी मंडळी वकिलाकडे पोचतात तेव्हा बहुधा विसार, म्हणजे सौदा पक्का करण्यासाठीची आगाऊ रक्कम, देऊन झालेला असतो, एजंटाने करारनाम्याचा तयार मसुदा हातात ठेवलेला असतो आणि नोंदणीची तारीखही ठरलेली असते. अशा वेळी वकिलाने एखादा दोष दाखवला तरी खरेदीदार तो ऐकून घेण्याच्या स्थितीत नसतो, कारण मागे फिरायचे तर विसार बुडतो. बहुतेक चुकांचे मूळ या उलट्या क्रमात आहे. पुढील टप्पे महाराष्ट्रातील संस्थेमधल्या जुन्या फ्लॅटच्या खरेदीचे आहेत. बिल्डरकडून बांधकाम चालू असताना घेतलेल्या फ्लॅटला महारेराचे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे, वेगळे नियम लागू होतात. त्यांपैकी एक इथेच सांगून ठेवतो, की नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

## टप्पा १ : पैसे देण्याआधी कागद मागणे

फ्लॅट पसंत पडला की विक्रेत्याकडून पुढील कागदांच्या छायाप्रती मागाव्यात: त्याच्या नावाचा नोंदणीकृत करारनामा व त्याची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातील दस्ताचा सारांश), बिल्डरपासून त्याच्यापर्यंत झालेले आधीचे सर्व करारनामे, शेअर सर्टिफिकेटच्या (संस्थेच्या भागभांडवलाच्या प्रमाणपत्राच्या) दोन्ही बाजू, संस्थेचे अलीकडचे देखभाल बिल, मालमत्ता कराची पावती, आणि कर्ज असल्यास बँकेचे शिल्लक रकमेचे पत्र. शेअर सर्टिफिकेटची मागची बाजू लोक हमखास विसरतात, आणि हस्तांतराच्या नोंदी तिथेच असतात.

याच वेळी आपल्या खर्चाचा हिशेब मांडावा. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो उपकरासह ६ टक्के आहे. पुण्यात स्थानिक संस्था कर आणि मेट्रो उपकर धरून ते ७ टक्क्यांवर जाते. फ्लॅट केवळ महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर घेतला जात असेल तर १ टक्का सवलत मिळते. पती-पत्नी दोघांच्या नावावर घेतल्यास ती मिळत नाही. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. मुंबईत एक कोटीच्या फ्लॅटला म्हणजे ६ लाख ३० हजार रुपये किमतीबाहेरचे लागतात, आणि गृहकर्जातून ही रक्कम सहसा मिळत नाही.

शुल्क करारातील किंमत आणि रेडी रेकनरनुसार (सरकारच्या मालमत्ता दरपत्रकानुसार) निघणारे मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारले जाते. रेडी रेकनरचे मूल्य करारातील किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक जास्त निघाले, तर तो फरक खरेदीदाराच्या उत्पन्नात धरून त्यावर आयकर लागू शकतो. म्हणून ‘कागदावर कमी दाखवू’ ही सूचना एजंटाकडून आली की तिथेच थांबवावी. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास कायद्याने मनाई आहे.

## टप्पा २ : वकिलाची निवड

मुंबईत या कामासाठी सॉलिसिटर गाठण्याची प्रथा आहे. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा उत्तीर्ण झालेले वकील स्वतःला सॉलिसिटर म्हणवतात. राज्यात इतरत्र हेच काम मालमत्तेचे व्यवहार पाहणारा सनदधारक वकील करतो. एका फ्लॅटच्या खरेदीसाठी पाटीवर काय लिहिले आहे यापेक्षा त्या माणसाने त्या भागात असे किती व्यवहार हाताळले आहेत याला अधिक महत्त्व द्यावे. फौजदारी किंवा कौटुंबिक दाव्यांत नावाजलेला ओळखीचा वकील या कामाला योग्य असेलच असे नाही. त्याच्या भिडेखातर काम त्याला देणे ही सुशिक्षित घरांमध्ये सर्रास होणारी चूक आहे.

वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी मनाई आहे, तेव्हा जाहिरात पाहून वकील निवडण्याचा मार्ग मुळातच खुला नाही. त्याच इमारतीत किंवा शेजारच्या संस्थेत गेल्या काही वर्षांत घर घेतलेल्या लोकांकडे चौकशी करणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग. नाव मिळाले की सनद क्रमांक विचारावा व तो बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे पडताळून घ्यावा. यात अवघडण्यासारखे काही नाही.

पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न मोजके आहेत, पण उत्तरे नीट ऐकावीत. मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध तुम्ही स्वतः घेणार की कारकुनामार्फत, आणि किती वर्षांचा? अहवाल माझ्या नावाने, तुमच्या सहीने, शोधाच्या शासकीय पावतीसह मिळेल का? विक्रेता, एजंट किंवा संस्थेचे पदाधिकारी यांच्याशी तुमचा व्यावसायिक संबंध आहे का? कोणता दोष निघाला तर तुम्ही हा व्यवहार सोडून द्यायला सांगाल? शेवटच्या प्रश्नाला जो ‘काळजी करू नका, सगळे होऊन जाते’ असे उत्तर देतो, त्याच्याकडे काम देऊ नये.

शुल्काचा ठराविक दर नाही. ते कामाच्या टप्प्यांनुसार लेखी ठरवावे: शोध व अहवाल, जाहीर नोटीस, मसुदा, समोरच्या वकिलाशी वाटाघाटी, नोंदणीच्या दिवशी हजेरी, आणि संस्थेतील हस्तांतराचे अर्ज. जाहीर नोटिशीचा वर्तमानपत्रातील खर्च आणि शोधाची शासकीय फी यांत धरली आहे की नाही, हेही लिहून घ्यावे. ‘व्यवहार पूर्ण झाल्यावरच पैसे द्या’ असे म्हणणारा वकील ऐकायला उदार वाटतो, परंतु व्यवहार मोडला तर त्याला काहीच मिळणार नसते. ‘घेऊ नका’ असे सांगण्याचे पैसेही वकिलाला मिळायला हवेत.

सावधान : एजंटाने सुचवलेला, किंवा विक्रेत्याचेही काम पाहणारा ‘सामाईक’ वकील घेऊ नये. दोन्ही बाजूंचे हित एकाच माणसाने पाहणे शक्य नसते, मग तो कितीही सज्जन असो.

सावधान : बँकेचा पॅनेल वकील बँकेसाठी काम करतो. त्याचा अहवाल बँकेच्या नावाने असतो आणि कर्ज सुरक्षित आहे का एवढेच तो पाहतो. कर्ज मंजूर झाले म्हणजे मालकी निर्दोष ठरली असे समजू नये.

मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही असा निर्णय दिला. म्हणजे कामात हयगय झाल्यास ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार किंवा दिवाणी दावा एवढेच मार्ग उरतात. ते दोन्ही लांबचे आहेत.

## टप्पा ३ : विसार, पण अटींसह

वकील नेमल्यानंतर, त्याने कागदांवर पहिली नजर टाकल्यावरच विसार द्यावा. रक्कम लहान ठेवावी, बँकेमार्फत द्यावी आणि विसार पावतीवर फ्लॅटच्या सर्व नोंदणीकृत मालकांच्या सह्या घ्याव्यात. नवऱ्याने सही केली आणि सहमालक असलेल्या बायकोने नंतर विकायला नकार दिला, असे प्रसंग विरळ नाहीत.

पावतीत तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात: मालकीत दोष आढळल्यास विसार पूर्ण परत मिळेल, कर्ज मंजूर न झाल्यास काय होईल, आणि किती दिवसांच्या आत विक्रेता मूळ कागद पाहायला देईल. एजंटांकडच्या तयार पावत्यांत ‘व्यवहार मोडल्यास विसार जप्त’ एवढेच असते आणि मोडण्याचे कारण कोणाच्या बाजूचे याचा उल्लेख नसतो. असे वाक्य खोडून सही करावी.

## टप्पा ४ : हक्काचा शोध

वकिलाचे खरे कसब इथे लागते, आणि घाईही नेमकी इथेच केली जाते. शोध साधारणपणे ३० वर्षांचा घेतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ पाहता येते, पण जुन्या वर्षांच्या सगळ्या नोंदी संगणकावर मिळत नाहीत. त्या दुय्यम निबंधक कार्यालयातील पुस्तकांत पाहाव्या लागतात. केवळ संकेतस्थळावरचा शोध घेऊन दिलेला ‘तीस वर्षांचा’ अहवाल पुरेसा मानू नये.

करारनाम्यांची साखळी. बिल्डरने पहिल्या खरेदीदाराला दिलेल्या करारापासून आजच्या विक्रेत्यापर्यंत प्रत्येक दुवा कागदावर दिसला पाहिजे. जुन्या इमारतींत पहिला करार अपुऱ्या मुद्रांकावर आणि नोंदणीविना झालेला आढळतो. अशा वेळी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे कमी पडलेले शुल्क दंडासह भरून घेण्याची जबाबदारी विक्रेत्याची आहे, असे मसुद्यात येण्याआधीच ठरवून घ्यावे. हा दंड दरमहा २ टक्क्यांनी वाढत जातो. मूळ करार हरवला असल्यास पोलिसांतील तक्रार, नोंदणी कार्यालयातील प्रमाणित प्रत आणि नोटिशीत तसा स्पष्ट उल्लेख, एवढे तरी हवेच. हरवला म्हणून सांगितलेला करार कधीकधी एखाद्या सावकाराकडे गहाण असतो.

वारस. मूळ मालक वारल्यावर फ्लॅट संस्थेच्या दप्तरात नामनिर्देशित व्यक्तीच्या नावावर झालेला असतो आणि तीच व्यक्ती विकायला येते. नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. सर्व वारसांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी असावे, नाही तर सर्व वारसांनी करारनाम्यावर सही करावी. लग्न होऊन गेलेल्या बहिणींचा उल्लेख ‘त्यांना काही नको आहे’ अशा तोंडी वाक्यात आटोपला जातो. ते वाक्य नोंदणीकृत कागदावर आले पाहिजे.

बोजा. विक्रेत्याच्या बँकेने कर्जापोटी मूळ कागद ठेवून घेतले असतील तर त्याची सूचना, म्हणजे नोटीस ऑफ इंटिमेशन, दुय्यम निबंधकाकडे दाखल झालेली असते. ही पद्धत महाराष्ट्रात २०१३ पासून आहे. सरसाई या केंद्रीय नोंदवहीतही बोजा दिसतो. दोन्ही ठिकाणी पाहावे. संस्थेच्या दप्तरात कर्जाची नोंद आहे का, तेही विचारावे.

दावे. विक्रेत्याच्या, संस्थेच्या आणि जमिनीच्या मूळ मालकाच्या नावाने ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा. नावाच्या वेगवेगळ्या लेखनाने घ्यावा, कारण एका अक्षराच्या फरकाने दावा निसटतो.

जमीन आणि इमारत. प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा पाहून जमीन कोणाच्या नावावर आहे ते तपासावे. संस्थेच्या नावे अभिहस्तांतरण, म्हणजे जमिनीच्या मालकीचे हस्तांतर, झालेले नसेल तर जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर असते. अशा संस्था पुष्कळ आहेत, आणि माझ्या मते केवळ तेवढ्यासाठी व्यवहार सोडण्याचे कारण नाही. मात्र पुनर्विकासाच्या वेळी हाच प्रश्न उभा राहतो, म्हणून मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डर सहकार्य करत नसताना सक्षम प्राधिकाऱ्याकडून ते करून घेण्याचा, अर्ज केला आहे का ते विचारावे आणि भावात त्याचा विचार करावा. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा नियोजन प्राधिकरणाचा दाखला) नसणे ही अधिक गंभीर बाब आहे. त्यामुळे बँक कर्ज नाकारू शकते आणि तुम्ही विकायला जाल तेव्हा तीच अडचण तुमच्या वाट्याला येते.

जमीन भोगवटादार वर्ग २ ची (हस्तांतरावर सरकारचे निर्बंध असलेली) असेल, फ्लॅट म्हाडाचा असेल किंवा जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली असेल, तर हस्तांतरासाठी संबंधित प्राधिकरणाची परवानगी आणि शुल्क लागते. नवी मुंबईत घर घेणाऱ्यांनी हा खर्च कोण भरणार ते विसार पावतीतच लिहावे.

पार्किंग. खुली किंवा स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) पार्किंगची जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. विक्रेता पार्किंगचे वेगळे पैसे मागत असेल तर संस्थेने ती जागा कोणाला, कोणत्या ठरावाने दिली आहे आणि सदस्य बदलल्यावर ती राहते का, हे संस्थेच्या पत्रात वाचावे.

मुखत्यारपत्र. परदेशी स्थायिक झालेली मुले आईवडिलांचा पुण्या-मुंबईतला फ्लॅट मुखत्यारपत्रावर विकतात. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. त्यात विक्री करण्याचा आणि मोबदला स्वीकारण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा. मालक हयात आहे आणि त्याची संमती कायम आहे, याची खात्री वकिलाने मालकाशी थेट बोलून करावी. विक्रेता स्वतःच केवळ मुखत्यारपत्राच्या जोरावर ‘मालक’ झालेला असेल, तर २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार त्या कागदाने मालकी येत नाही, हे लक्षात ठेवून मागे फिरावे.

## टप्पा ५ : जाहीर नोटीस

वकिलाने एका मराठी व एका इंग्रजी वर्तमानपत्रात नोटीस देऊन हरकती मागवाव्यात. प्रथेप्रमाणे १४ किंवा १५ दिवस देतात. नोटिशीत विक्रेत्याचे नाव, फ्लॅट क्रमांक, इमारत, सिटी सर्व्हे क्रमांक आणि हरवलेले कागद असतील तर त्यांचा तपशील हवा. काही विक्रेते नोटिशीला नाराज होतात. कारण ऐकून घ्यावे, पण नोटीस वगळू नये.

तपासा : मुदत संपल्यावर ‘हरकत आली नाही’ हे वाक्य अंतिम अहवालात आले आहे का? अहवालाला शोधाची पावती जोडली आहे का? ‘कागदपत्रांच्या आधारे’ असे मोघम लिहिण्याऐवजी पाहिलेल्या कागदांची यादी दिली आहे का?

## टप्पा ६ : मसुदा

मसुदा खरेदीदाराच्या वकिलाने करावा. त्यात चटई क्षेत्र, सर्व्हे क्रमांक आणि शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक मूळ कागदांशी ताडून लिहावा. पैसे कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, कोणत्या कामानंतर द्यायचे ते सांगावे. ताब्याच्या दिवसापर्यंतची सर्व देणी विक्रेत्याची, हे नमूद करावे. आणि मालकीत दोष निघाल्यास नुकसानभरपाईचे कलम ठेवावे. मूळ कागदांची यादी परिशिष्ट म्हणून जोडावी.

साठेखत आणि खरेदीखत यांतील फरक इथे समजून घ्यावा. कर्जाच्या व्यवहारात आधी साठेखत नोंदवतात आणि पूर्ण मुद्रांक शुल्क त्यावरच भरले जाते. सगळे पैसे दिल्यावर, ताबा घेताना खरेदीखत करायचे असते, आणि शुल्क आधीच भरलेले असल्याने त्याला नाममात्र मुद्रांक पुरतो. ‘शुल्क भरले, आता कशाला’ म्हणून असंख्य लोक खरेदीखत करतच नाहीत. साठेखताने विक्रीचा करार होतो. मालकी हस्तांतरित होते ती खरेदीखताने. आठ-दहा वर्षांनी विक्रेता परदेशी गेलेला किंवा वारलेला असतो आणि मग त्याच्या वारसांचा शोध सुरू होतो.

## टप्पा ७ : मुद्रांक शुल्क आणि नोंदणी

शुल्क ग्रास या शासनाच्या ऑनलाइन भरणा प्रणालीतून ई-चलनाने किंवा बँकेकडून ई-एसबीटीआर (शुल्क भरल्याची सुरक्षित पावती) घेऊन भरता येते. ते सही करण्यापूर्वी, सहीच्या वेळी किंवा सहीनंतरच्या पुढच्या कामाच्या दिवशी भरलेले असावे. अहवाल हाती येण्यापूर्वी मात्र शुल्क भरू नये. व्यवहार झाला नाही तर न वापरलेल्या मुद्रांकाच्या परताव्यासाठी सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो आणि काही कपात होऊनच रक्कम मिळते.

दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीसाठी सादर करावा लागतो. उशीर झाल्यास दंड भरून आणखी चार महिने मिळू शकतात, त्यानंतर मार्ग बंद होतो.

नोंदणीपूर्वी दस्ताची माहिती संकेतस्थळावर भरावी लागते. हे काम एजंटाच्या कार्यालयातला पोरगा घाईत उरकतो, आणि इंडेक्स टू त्याच माहितीतून तयार होते. नावे, क्षेत्रफळ, मोबदला आणि सर्व्हे क्रमांक स्वतः वाचून पाहावेत. चूक राहिल्यास सर्व पक्षांना पुन्हा बोलावून चूक दुरुस्तीचा दस्त करावा लागतो. कार्यालयात जाताना मूळ ओळखपत्रे, पॅन कार्ड आणि ओळख पटवणारे दोन साक्षीदार सोबत असावेत.

तपासा : प्रत्येक पानावर सर्वांच्या सह्या आहेत का, कोरी जागा राहिली आहे का, आणि स्कॅन केलेली सर्व पाने दस्तात आली आहेत का, हे कार्यालय सोडण्यापूर्वी पाहावे.

## टप्पा ८ : पैसे देण्याचा क्रम

किंमत किंवा मुद्रांक मूल्य ५० लाख रुपये वा त्याहून अधिक असेल तर विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का आयकर कापून सरकारकडे भरणे ही खरेदीदाराची जबाबदारी आहे. कपात प्रत्येक हप्त्यातून करायची असते आणि ज्या महिन्यात केली तो संपल्यापासून ३० दिवसांत भरायची असते. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर ५० लाखांची मर्यादा लागू होत नाही आणि दर कितीतरी जास्त असतो. त्या वेळी चार्टर्ड अकाउंटंटचा सल्ला घेतल्याशिवाय विसाराचीही रक्कम देऊ नये.

विक्रेत्याचे कर्ज बाकी असेल तर शिल्लक रक्कम थेट त्याच्या बँकेच्या कर्जखात्यात भरावी, कधीही त्याच्या बचत खात्यात नाही. त्या बँकेकडील मूळ कागदांची यादी आधी लेखी मिळवावी आणि कर्ज फिटल्यावर कागद तुमच्या किंवा तुमच्या बँकेच्या ताब्यात येईपर्यंत शेवटचा हप्ता रोखून ठेवावा. बोजा उतरवल्याची नोंद दुय्यम निबंधकाकडे आणि सरसाईवरही झाली पाहिजे.

## टप्पा ९ : ताबा आणि संस्थेतील हस्तांतर

आदर्श उपविधींनुसार, म्हणजे संस्थांसाठी शासनाने तयार केलेल्या नमुना नियमांनुसार, फ्लॅट विकण्यास संस्थेचे ना-हरकत पत्र बंधनकारक नाही, तरी बँका ते मागतात. विक्रेत्याने मात्र संस्थेला हस्तांतराची १५ दिवसांची सूचना द्यावी लागते. हस्तांतर अधिमूल्य (हस्तांतराच्या वेळी संस्था घेते ती रक्कम) महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांपेक्षा अधिक घेता येत नाही. त्याहून जास्तीची ‘स्वेच्छा देणगी’ मागितली गेल्यास मागणी लेखी द्यावी असे नम्रपणे सांगावे. बहुधा ती लेखी येत नाही.

सदस्यत्वाचा अर्ज पोच घेऊन द्यावा. तीन महिन्यांत संस्थेने निर्णय कळवला नाही तर सदस्यत्व मिळाल्याचे मानले जाते, पण पोच नसेल तर हा आधार घेता येत नाही. शेअर सर्टिफिकेटवर तुमच्या नावाची नोंद, मालमत्ता करातील नावबदल आणि वीजजोडणीतील नावबदल ही कामे वकिलाच्या शुल्कात नसतील तर स्वतः करावीत; विक्रेता फोन उचलतो आहे तोवर करावीत, कारण वीजजोडणीतील नावबदलासाठी त्याच्या सहीची गरज पडू शकते. सदस्यत्वाच्या अर्जासोबतच नामनिर्देशनाचा अर्जही द्यावा. तुम्ही स्वतः कर्ज घेतले असेल तर तुमच्या बँकेकडे मूळ कागद ठेवल्याची नोटीस ३० दिवसांत दाखल करायची असते. तिची पोच आणि बँकेकडे दिलेल्या कागदांची शिक्का मारलेली यादी खरेदीखताच्या प्रतीबरोबर एकाच फायलीत लावावी.